जुन्या क्रीडा-मोटारींच्या हौशी शर्यती

उत्पादन बंद होऊन बराच काळ लोटलेल्या क्रीडा-मोटारी, तसेच पूर्वी शर्यतींत वापरल्या गेलेल्या प्रवासी मोटारी शक्य तो मूळ स्वरूपात राखून हौसेखातर ज्या शर्यतींत चालविल्या जातात, त्यांस ही संज्ञा लावतात. द्रव्यलाभ हा त्यांचा हेतू नसतो. मोटार दुर्मिळ असल्याने विजयापेक्षा ती शाबूत परत आणणे महत्त्वाचे मानतात व दुसऱ्याच्या मोटारीस धक्का देणाऱ्या चालकावर कारवाई करतात. जुन्या मोटारींची ‘रॅली’ याहून वेगळी असते. तीत मोटारी सार्वजनिक रस्त्यावरून वेगमर्यादा पाळून जातात आणि गुण मुख्यतः जतन, अस्सलपणा व वेळेचा नेमकेपणा यांस मिळतात.

इतिहास : या छंदास संघटित रूप प्रथम ब्रिटनमध्ये आले. तेथे १९३४ मध्ये ‘व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब’ स्थापन झाला. १९३० अखेरपर्यंतच्या मोटारींस ‘व्हिंटेज’ म्हणण्याचा तेथील संकेत या क्लबमुळे रूढ झाला. अमेरिकेत १९७४ पासून माँटेरे येथील ऐतिहासिक मोटारींच्या शर्यती प्रसिद्धीस आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर ओस पडलेल्या धावपट्ट्या मोटार शर्यतींस सोयीच्या ठरल्या. ब्रिटनमधील सिल्व्हरस्टोन व गुडवुड (दोन्ही १९४८ पासून) ही त्याची उदाहरणे होत. भारतातही चेन्नईजवळ शोलावरम, कोलकात्याजवळ बराकपूर व मुंबईत जुहू येथील धावपट्ट्यांवर शर्यती होत. शोलावरमनंतर इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० मध्ये कायम स्वरूपाचा मार्ग तयार झाला. जुन्या मोटारींची चळवळ मात्र भारतात रॅलीच्या रूपानेच वाढली. ‘स्टेट्‌समन’ वृत्तपत्राच्या रॅली दिल्लीत १९६४ व कोलकात्यात १९६८ मध्ये सुरू झाल्या.

मोटारीची निवड : नवशिक्याची निवड बहुधा वेग किंवा देखणेपणा पाहून होते आणि तेथेच चूक घडते. शर्यतीच्या मोटारीचे एंजिन, गिअरपेटी व ब्रेक वारंवार उघडावे लागतात. म्हणून सुटे भाग मिळतात काय, त्या जातीची मोटार जाणणारा कारागीर जवळ आहे काय व ती कोणत्या वर्गात बसते, हे प्रश्न खरेदीपूर्वी सोडवावे लागतात. एमजी टीसी (१९४५–४९, १,२५० घ. सेंमी.) ही स्वतंत्र सांगाड्याची मोटार दुरुस्तीस सोपी आहे, परंतु तिच्या पत्र्याखालील लाकडी चौकट कुजलेली नाही याची खात्री करावी लागते. ऑस्टिन-हीली स्प्राइट (१९५८ पासून, सुरुवातीस ९४८ घ. सेंमी.) व एमजीबी (१९६२–८०, १,७९८ घ. सेंमी.) यांत कायाच सांगाड्याचे काम करते. त्यामुळे तळाचा गंज ही त्यांतील सर्वांत खर्चिक उणीव होय.

महाराष्ट्रातील हौशी चालकास अशा विदेशी मोटारी क्वचितच साधतात. त्याला जवळची मोटार म्हणजे ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ या कंपनीची कुर्ला येथील कारखान्यात बनलेली फियाट ११००. याच कंपनीचा दुसरा कारखाना कल्याण-डोंबिवली परिसरात होता व तेथे १९९० नंतरच्या दशकात प्यूजो ३०९ तयार होई. फियाट ११०० चे १९६४ पासूनचे भारतीय रूप प्रथम ‘डिलाइट’, पुढे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावांनी ओळखले गेले. ही मोटार क्रीडा-मोटार नव्हे. तथापि तिच्या मूळ इटालियन कुळातील ‘टूरिझ्मो व्हेलोचे’ ही अधिक शक्तीची आवृत्ती मिले मील्या या शर्यतीत धावली होती. १,०८९ घ. सेंमी.चे एंजिन, सु. ४० अश्वशक्ती व सु. ९०० किग्रॅ. वजन असल्याने तिचा वेग बेताचाच. परंतु मुंबईत ती २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावत राहिल्याने मुंबईपासून ठाणे, कल्याण, आंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यातील जुन्या कारागिरांना तिची रचना परिचित आहे. हा लाभ अधिक अश्वशक्तीपेक्षा मोलाचा होय.

तपासणी व सुरक्षितता : चाकांचे दांडे, सुकाणूचे भुज व निलंबनाचे जोड यांत धातूच्या थकव्यामुळे पडलेल्या सूक्ष्म भेगा डोळ्यांस दिसत नाहीत. त्या रंगद्रव किंवा चुंबकीय कणांच्या साहाय्याने तपासून घ्याव्या लागतात. ड्रम-ब्रेक सतत वापराने तापून दुबळे होतात. शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० साली बंद झाले. त्यातील शिशामुळे झडपांच्या बैठकींचे संरक्षण होई. त्यामुळे आता बिडाच्या सिलिंडर-शीर्षात कठीण पोलादी बैठका बसविणे इष्ट ठरते. पेट्रोलातील इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या खराब होतात, म्हणून त्याही बदलाव्या लागतात.

अस्सलपणा व सुरक्षितता यांतील विरोध हा या छंदातील मूळ प्रश्न आहे. उलटल्यास चालकाचे रक्षण करणारा नळ्यांचा पिंजरा आवश्यक असतो. परंतु तो जोडताना मूळ काया कापावी वा वितळजोड करावी लागते. २०२१ मध्ये दुरुस्त झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ रूपातील मोटारीस ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. मात्र सांगाडा, काया किंवा एंजिन यांत मोठे फेरफार केल्यास ती मिळत नाही. अशी मोटार प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणून मोटार जतनासाठी हवी की शर्यतमार्गासाठी, हे खरेदीपूर्वीच ठरवावे लागते. जिच्या मूळ भागांची नोंद अखंड आहे अशी दुर्मिळ मोटार रॅलीसाठी राखणे व आधीच बरेच भाग बदललेली, सामान्य जातीची मोटार शर्यतीसाठी सज्ज करून वाहनावर लादून मार्गापर्यंत नेणे, हा सुज्ञ मार्ग होय. अपघातात चालक बचावला, तरी नष्ट झालेली मूळ काया पुन्हा निर्माण होत नाही.

पहा : मोटारगाडी, मोटारगाड्यांच्या शर्यती.