कधी बार होतो, कधी नाही? दोष बंदुकीचा की काडतुसाचा, असं ओळखा

मालवण : भात लोंबीवर आलं की रानडुकरांचा त्रास सुरू होतो. शेतसंरक्षणाचा परवाना असलेले शेतकरी पावसाळाभर ठेवलेली बंदूक बाहेर काढतात, आणि मग एक तक्रार हमखास ऐकू येते. कधी बार होतो, कधी नुसता ‘टक्’ आवाज. पूर्ण बंद पडलेली बंदूक माणूस बाजूला ठेवतो. अधूनमधून चालणारी मात्र हातातच राहते, म्हणून तीच जास्त धोक्याची.

बार झाला नाही तर आधी थांबा. दारू कधी कधी उशिरा पेट घेते. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान 30 सेकंद बंदूक उघडू नका. ठासणीच्या बंदुकीला याहून जास्त वेळ द्या. रिव्हॉल्वर असेल तर लगेच पुन्हा चाप ओढू नका. चाप ओढला की चक्री फिरते, न फुटलेलं काडतूस नळीसमोरून सरकतं आणि तिथेच फुटलं तर इजा ठरलेली.

नंतर काडतूस काढून बुडाची टोपी बघा. खड्डा खोल आणि मधोमध असेल तर बहुतेक काडतूस दमट किंवा जुनं. खड्डा उथळ किंवा बाजूला असेल तर दोष बंदुकीत. डबल बारमध्ये एकाच नळीला असं होत असेल तर त्या बाजूची पिन किंवा स्प्रिंग तपासायला हवी. एकाच डब्यातली काडतुसं दगा देत असतील तर तो डबा वापरू नका.

आपल्याकडे खारी हवा आणि पावसाची ओल यांनी पिनेच्या भोकात गंज धरतो. जुनं तेल चिकट होऊन घोड्याचा जोर कमी करतं. यावर जास्त तेल ओतणं हा उपाय नाही. ते काडतुसाच्या टोपीत उतरलं तर टोपीच निकामी होते. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळी साफ करावी, तेलाचा पातळ हात द्यावा. चामडी म्यानात ठेवू नये, त्यात ओल राहते.

आतलं लॉक मात्र घरी किंवा गावच्या फिटरकडे खोलू नका. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार दुरुस्ती करणाऱ्याकडेही परवाना लागतो. त्याच्याकडे जाताना आपला परवाना सोबत ठेवा, आणि टोपीवरच्या खड्ड्याचा मोबाईलवर फोटो काढून न्या. बंदूक त्याच्यासमोर नेमकी चालली, तरी त्या फोटोवरून त्याला दोष शोधता येईल.