खंडेराव मार्केटची शिकवण

बडोद्यातील खंडेराव मार्केटची देखणी इमारत सयाजीराव महाराजांनी १९०६ च्या सुमारास उभारली. तिला नाव मात्र दिले ते १८७० मध्ये निवर्तलेल्या खंडेराव महाराजांचे. उलट १८७९ ची सयाजीबाग पाहा. नाव विद्यमान राजाचे. पण लोकांच्या तोंडी ती आजही कमाटीबागच! महाराजांच्या नावाचे विद्यापीठ निघाले १९४९ साली, त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी. ते नाव देताना कुणाची मर्जी राखावयाची नव्हती.

राजाचा काळ गेला. आता खजिना रयतेचा आहे. परंतु नावाचा मोह सुटलेला नाही. तमिळनाडूत २०२५ साली मुख्यमंत्री स्टालिन यांच्याच नावाची ‘उंगळुडन स्टालिन’, म्हणजे ‘तुमच्यासोबत स्टालिन’, ही सरकारी योजना निघाली. हयात व्यक्तींची नावे नव्या योजनांना देऊ नयेत, असा अंतरिम आदेश मद्रास उच्च न्यायालयाने दिला. सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्टला तो रद्द केला. अशी नावे देशभर सर्वच पक्ष देतात, मग एकालाच का अडवावे, असे म्हणून अर्जदाराला दहा लाखांचा भुर्दंडही बसविला.

म्हणजे कायद्याची आडकाठी नाही. औचित्याचे काय? गावाने वर्गणी काढून विहीर खणावी आणि पाटलाने तिच्यावर आपले नाव कोरावे, हे शोभते काय? खुर्चीवर असता घेतलेले नाव पाटीवर राहते. मागाहून लोकांनी दिलेले तेवढे तोंडी राहते.