द्राक्षाच्या वेलीला दोन छाटण्या का?

फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळ सँतेमिलियों नावाचं छोटंसं गाव आहे. वाइनसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव व परिसरातील द्राक्षमळे १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

तिथे हिवाळा कडक असतो. वेलीची पानं गळतात, वेल जणू झोपी जाते. म्हणून हिवाळ्यात एकच छाटणी करतात आणि द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात काढतात.

आता आपल्या नाशिककडे बघा. इथली थंडी वेलीला झोपवण्याइतकी कडक नाही. मग शेतकरीच कात्री घेऊन तिचं वेळापत्रक ठरवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी केली, की नव्या काड्या फुटतात व त्यांच्या डोळ्यांत घड तयार होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी केली, की तेच घड बाहेर येतात. वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये काढतात. पुढे यीस्ट रसातल्या साखरेचं अल्कोहोल बनवतं.

पण गोडी छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला, तर केवडा रोग पडतो आणि वर्षाची मेहनत जाते. आपल्या बुलडाण्यात हरभऱ्यावर गारपीट झाली, की काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे!

सांगा पाहू, तुमच्या शेतातल्या पिकाचं वेळापत्रक कोण ठरवतं?