बिनमातीची बाग, बिनपंपाची बादली

फ्रिजवर सरबताच्या रिकाम्या बाटलीत मनीप्लांट लावलेला नाही, असं घर विरळाच. माती नाही, खत नाही. आठवड्याला पाणी बदललं की झालं. हायड्रोपोनिक्स म्हणजे या बाटलीची पुढची इयत्ता. मनीप्लांट अर्धपोटी तग धरतो, पालक किंवा लेट्यूस धरत नाही. त्यांना नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, लोह असं सगळं पाण्यातूनच मोजून द्यावं लागतं.

ही बाग इंदुरात लावावी, यात थोडी गंमत आहे. इथल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’त, १९२४ नंतरच्या काळात, अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा आणि शेण यांपासून कंपोस्ट करण्याची रीत बसवली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. १९३१च्या तिच्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचंही नाव आहे. हॉवर्ड यांचा सारा भर जिवंत मातीवर. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात विल्यम गेरिक मातीच वगळून, टाकीतल्या क्षारपाण्यावर टोमॅटो वाढवत होते. ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव त्यांनीच १९३७ मध्ये रूढ केलं. भारतात १९४६ साली शोल्टो डग्लस यांनी कालिम्पाँग भागात प्रयोग सुरू केले. महागड्या यंत्रांवाचून हे जमावं, हा त्यांचा आग्रह. त्यातून निघालेल्या ‘बंगाल पद्धती’वर १९५१ मध्ये पुस्तक आलं.

डग्लस यांचा तो आग्रह इंदूरच्या परदेशीपुऱ्याला लागू पडतो. एकीकडे मालवा मिलच्या आसपासच्या जुन्या कामगार वस्त्या, दुसरीकडे इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्स. मधल्या दाटीत अंगण कुठून येणार? हातात असते ती गॅलरी, नाहीतर खिडकी. मग बाजारात गेलं, की विक्रेता आधी पांढऱ्या पाइपांची मांडणी दाखवतो. तिला एनएफटी म्हणतात. उतरत्या नळीतून क्षारपाण्याचा पातळ पदर सतत वाहतो आणि मुळं त्यात टेकलेली असतात. दिसायला देखणी, पण सगळा जीव पंपात. उन्हाळ्याच्या दुपारी लाइट गेली, की नळीत पाणी उरत नाही आणि काही तासांत रोपं माना टाकतात.

दुसरी तऱ्हा खोल बादलीची. मुळं पाण्यात बुडालेली, आणि माशांच्या टाकीला लावतात तसा छोटा हवापंप बुडबुडे सोडतो. लाइट गेली तरी इथे पाणी शिल्लक असतं, त्यामुळे थोडी उसंत मिळते. तिसरी वातीची. समईत वात तेल ओढते, तशी सुती दोरी खालच्या डब्यातलं पाणी वरच्या कोकोपीटमध्ये चढवते. पुदिन्याला, शोभेच्या झाडांना ती पुरते. पाणी फार पिणाऱ्या टोमॅटोला नाही.

चौथी सगळ्यात साधी. हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅट्की यांच्या नावाने ती ओळखली जाते. झाकणाला भोक, भोकात जाळीची कुंडी, कुंडीचा तळ पाण्याला टेकलेला, पंप नाहीच. रोप पाणी पितं, पातळी उतरते. झाकण उचलून पाहा: खालची मुळं लांब, पाण्यात सोडलेली, वरची आखूड, लवदार, ओलसर हवेत लोंबणारी. ही वरची मुळं श्वास घेतात. पाणी कमी झालेलं पाहून मायेने बादली पुन्हा काठोकाठ भरली, की तीच गुदमरतात. लेट्यूसच्या एका रोपाला अखेरपर्यंत साधारण चार लिटर पाणी पुरतं.

बादली कुठलीही घ्या, काही नियम सुटत नाहीत. ती अपारदर्शक हवी. उजेड शिरला की शेवाळ धरतं. क्षारांचे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन डबे मिळतात. ते दाट असताना एकमेकांत ओतू नयेत. कॅल्शियमचा साका तळाशी बसतो आणि रोप उपाशी राहतं. पीएच साडेपाच ते साडेसहा ठेवावा. बोअरिंगचं पाणी जड असेल, तर तो सारखा वर चढतो. नळाला येणारं नर्मदेचं पाणीही आधी टीडीएस मीटरने तपासावं. आरओचं टाकाऊ पाणी मात्र नको, त्यात क्षार आधीच साचलेले असतात. खिडकीत ऊन येत नसेल, तर पालेभाजीला रोज चौदा-सोळा तास एलईडीचा उजेड लागतो. तो खर्च आधीच धरावा.

शेवटी ऋतू. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो. गॅलरीतली बादली तापते, मुळं तपकिरी होऊन कुजतात.

म्हणून पाइपांच्या मांडणीवर आधी पैसे घालू नका. दिवाळी झाली, की झाकणाची एक जुनी बादली आणि लेट्यूसचं एक रोप घ्या. संक्रांतीपर्यंत पानं ताटात आली, तरच पंपाचा विचार करा.