बोट निघाली रस्त्याने

१९१५ च्या जूनमध्ये दोन मोटरबोटी इंग्लंडहून आफ्रिकेला निघाल्या. नावं ‘मिमी’ आणि ‘टूटू’. महोगनी लाकडाच्या, ४० फूट लांब आणि ८ फूट रुंद. टांगानिका सरोवरात जर्मन गनबोटींचं राज्य होतं, ते मोडायचं होतं. अडचण एवढीच, की समुद्रातून त्या सरोवरात शिरायला पाण्याची वाटच नाही. ब्रिटिश नौदलाने बोटी केपटाउनला उतरवल्या आणि रेल्वेने काँगोतल्या फुंगुरुमेपर्यंत नेल्या. तिथून पुढे मितुम्बाच्या डोंगरांतून रान तोडत, ओढ्यांवर पूल टाकत, वाफेवर चालणारी दोन ट्रॅक्शन इंजिनं आणि बैल जुंपून त्या सुमारे दीडशे मैल ओढल्या. बॉयलरना पाणी कमी पडलं तेव्हा आसपासच्या गावांतल्या बायकांनी ते डोक्यावरून वाहिलं. मग पुन्हा रेल्वे, लुआलाबा नदी आणि परत रेल्वे. ऑक्टोबर सरता सरता बोटी सरोवराकाठी पोचल्या. २६ डिसेंबरला त्यांनी ‘किंगानी’ ही जर्मन बोट पकडली, तीही काही मिनिटांच्या चकमकीत. सी. एस. फॉरेस्टरच्या ‘द आफ्रिकन क्वीन’ या १९३५ च्या कादंबरीमागे हीच मोहीम आहे.

लढाई मिनिटांची आणि वाहतूक महिन्यांची, हे त्या मोहिमेचं खरं गणित. आज रस्ते आहेत, क्रेन आहेत, ट्रक तर वाटेल तेवढे आहेत. तरीही छोटी पॉवरबोट दूरवर न्यायची म्हटली की बहुतेक जण पहिला फोन ट्रान्सपोर्टरला करतात आणि तिथेच घोळ सुरू होतो. हे काम शेवटाकडून उलटं आखायचं असतं. बोट पाण्यात कुठे उतरणार, कोणत्या महिन्यात, तिथे उचलायला काय आहे, हे आधी. ट्रक त्यानंतर.

पाणी किती खाली गेलंय?

उदाहरण मुंबई ते टिहरीचं घेऊ. उत्तराखंडातल्या टिहरी धरणाच्या जलाशयात कोटी कॉलनीच्या काठी स्पीडबोटींचा मोठा व्यवसाय आहे. जलाशय भरलेला असताना पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ८३० मीटर असते आणि वापरता वापरता ती ७४० मीटरपर्यंत उतरू शकते. म्हणजे पाण्याची कड उभ्या मापाने ९० मीटर खाली जाऊ शकते. पावसाळ्यानंतर जिथे ट्रक थेट पाण्याला लागतो, तिथूनच मेअखेरीस खोल, मातकट उतार दिसतो. तापोळ्याला कोयनेच्या पाण्यात किंवा उजनीच्या फुगवट्यावर बोट नेणाऱ्यांनाही हे गणित चुकत नाही.

टिहरीला न्यायची तर दिवाळीच्या आसपासचे दिवस उत्तम. जलाशय भरलेला असतो आणि दरडींचा मोसम सरलेला असतो. उत्तरेकडच्या श्रावणात, म्हणजे आपल्या आषाढाच्या वद्य पक्षात, तर हा बेत आखूच नये. कावड यात्रेच्या काळात हरिद्वारकडे जाणारी अवजड वाहतूक वळवतात किंवा बंद ठेवतात, आणि उभ्या गाडीचं भाडं चालूच राहतं.

बोटीची रुंदी रस्ता ठरवतो

आता टेप काढा. लांबी सगळे सांगतात, पण कळीचं माप रुंदीचं. आपल्याकडे मोटार वाहन नियमांनुसार मालवाहू गाडीची कमाल रुंदी २.६ मीटर. अमेरिकेत ती साडेआठ फूट, म्हणजे जवळपास तेवढीच, आणि युरोपात २.५५ मीटर. ट्रेलरवरून न्यायच्या बहुतेक बोटी म्हणूनच अडीच मीटरच्या आतबाहेर बनवलेल्या असतात. कारखान्यात बोटीची रुंदी ठरते ती समुद्र बघून नव्हे, हमरस्ता बघून.

बोट यापेक्षा रुंद असली की तो माल ‘ओडीसी’ (ओव्हर डायमेन्शनल कार्गो) होतो. म्हणजे वेगळी परवानगी, लाल झेंड्या, ठरावीक वेळेतच प्रवास आणि दुसऱ्याच पट्टीतलं भाडं. तेव्हा रुंदी माहितीपत्रकातून घेऊ नका. रबराचा फेंडर, बाहेर आलेले हुक, कठडे, सगळं धरून जिथे सर्वांत जास्त भरेल तिथे मोजा.

उंची गाडीवर ठेवून मोजायची. साध्या ट्रकचा हौदाच जमिनीपासून सव्वा मीटरच्या पुढेमागे असतो. त्यावर बोटीचा पाळणा, त्यावर बोट, त्यावर काच आणि छत. एकूण ४ मीटरच्या आत बसत नसेल तर छत, अँटेना, दिव्याची काठी उतरवा किंवा लोबेड ट्रेलर घ्या. लोबेड सपाटीला सोन्यासारखा, पण ऋषिकेशनंतर नरेंद्रनगरच्या वळणांवर त्याची लांबीच आडवी येते. म्हणून ऋषिकेशला बोट लहान गाडीवर चढवायची की मुंबईपासूनच लहान गाडी न्यायची, हे निघण्याआधी ठरवा. घाटाच्या पायथ्याशी रात्री क्रेन शोधणं महागात पडतं.

किनाऱ्यावर बोट पाण्यात सोडायची ट्रॉली या प्रवासाची नाहीच. खाऱ्या पाण्यात बुडून तिची बेअरिंगं खाल्लेली असतात. शिवाय कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच, त्यामुळे नोंदणी आणि नंबरप्लेट नसलेली ट्रॉली हमरस्त्यावर आणताच येत नाही.

टेकू कुठे द्यायचा

पाण्यात बोटीच्या बुडाला सगळीकडून आधार असतो. ट्रकवर तोच भार चार-सहा जागी एकवटतो, आणि तोही खड्ड्याखड्ड्याला आदळत. सहा-सात मीटरच्या फायबरच्या बोटीला हाच मार सर्वांत जास्त बाधतो. वरून ओरखडा नसतो, आत मात्र थर सुटलेले असतात.

म्हणून पाळणा बोटीच्या मापाने बनवून घ्यावा. मधला कणा लाकडी ठोकळ्यांवर नीट टेकला पाहिजे. बाजूच्या लांब फळ्या बुडाच्या उतारालाच बसतील अशा तासलेल्या हव्यात आणि आत जिथे उभे-आडवे मजबुतीचे पट्टे आहेत त्यांच्याच खाली यायला हव्यात. दोन पट्ट्यांमधल्या पातळ फायबरवर टेकू आला की तिथे पोचा पडलाच समजा. फळ्यांवर जुना गालिचा किंवा रबर ठोकायचं, पण खिळ्यांची डोकी आत दाबून. मागची फळी, जिच्यावर इंजिन लटकतं, ती टेकूच्या मागे मोकळी लोंबता कामा नये.

बांधायला साखळी नको, रॅचेटचे रुंद पट्टे घ्या. नाळेच्या कडीतून एक पुढे, मागच्या दोन कड्यांतून दोन मागे-खाली आणि मधे एक आडवा. आडवा पट्टा कठड्यावरून जातो तिथे खाली पॅड घाला, नाहीतर धुळ्यापर्यंत तो रंग खातो आणि पुढे फायबर. पहिल्या पंचवीस-तीस किलोमीटरला गाडी थांबवून पट्टे पुन्हा आवळायचेच. तोवर बोट पाळण्यात बसलेली असते आणि पट्टे सैल पडलेले असतात. सैल ताडपत्रीने झाकण्यापेक्षा न झाकणं बरं. वाऱ्यावर फडफडणारी ताडपत्री हजार किलोमीटरमध्ये पॉलिश कागदासारखं घासून काढते.

उचलताना हायड्रा क्रेनला दोन रुंद कापडी स्लिंग आणि त्या फाकवणारी आडवी तुळई हवी. तुळई नसली तर स्लिंग आत ओढल्या जाऊन बोटीच्या कुशी दाबल्या जातात. इंजिन मागे असल्याने तोलही मागे असतो, म्हणून मागची स्लिंग मध्यापासून जरा जास्त मागे. पहिल्यांदा वीतभर उचला, बघा, मगच वर घ्या.

इंजिन, पेट्रोल, बूच

११५ अश्वशक्तीचं आउटबोर्ड पावणेदोनशे किलोच्या आसपास भरतं. घाटरस्त्याला ते उतरवून वेगळ्या स्टँडवर उभं नेणं चांगलं. फोर-स्ट्रोक इंजिन आडवं ठेवायचं तर कंपनीने सांगितलेल्या कुशीवरच, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. जागेवरच न्यायचं असेल तर खाली धातूचा किंवा लाकडाचा टेकू द्या. वर उचलून धरणाऱ्या हायड्रॉलिकच्या भरवशावर सोडू नका. बॅटरीच्या तारा सोडा. टाकी रिकामी करा. बुडाचा बूच काढून ठेवा, म्हणजे वाटेत पाऊस लागला तरी पाणी साठून वजन वाढणार नाही. बूच स्टिअरिंगला सुतळीने बांधा. पाण्यात उतरताना तो लावायचा राहिल्याने बुडालेल्या बोटी जगात कमी नाहीत.

समुद्रातली बोट गोड्या पाण्यात जाणार म्हणून आणखी दोन कामं. इंजिनाला गंजापासून वाचवायला लावलेले बळीचे तुकडे, म्हणजे ॲनोड, खाऱ्या पाण्यात जस्ताचे चालतात. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे लागतात. आणि बूड खरवडून, आतलं सगळं पाणी काढून, बोट पूर्ण वाळवायची. मुंबई आणि विशाखापट्टणमच्या गोद्यांमध्ये परदेशी शिंपल्यांनी केव्हाच ठाण मांडलंय. अमेरिकेत २००७ मध्ये लेक मीड जलाशयात क्वागा शिंपले सापडले; पूर्वेच्या मोठ्या सरोवरांपासून हजारो किलोमीटर ते ट्रेलरवरच्या बोटींना चिकटून आले असं मानतात. आज तिकडे कित्येक जलाशयांवर तपासणी झाल्याशिवाय बोट पाण्यात उतरत नाही. आपल्याकडे नाक्यावर कोणी विचारणार नाही, पण धरणाचं पाणी पुढे शेतात आणि नळात जातं.

कागद

बोटीचं नोंदणी प्रमाणपत्र, खरेदीची पावती, विमा आणि ई-वे बिल. माल ५० हजार रुपयांवरचा असला की ई-वे बिल लागतं आणि त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. ओडीसीला मात्र २० किलोमीटरला एक दिवस. जुनी, स्वतःची बोट स्वतःच हलवत असाल तर काय लागेल ते सल्लागाराला विचारून घ्या आणि तसं पत्र ड्रायव्हरजवळ ठेवा. बोट आतल्या पाण्यात चालणार म्हणजे अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ लागू होतो. त्याखालची नोंदणी देशभर चालते, पण व्यवसायासाठी स्थानिक परवाना वेगळा.

सर्वांत नीट वाचायचा कागद म्हणजे बिल्टी, वाहतूकदाराची मालपावती. ‘ओनर्स रिस्क’ हे शब्द तिच्यावर छापलेलेच असतात. रस्ते मालवाहतूक कायदा, २००७ आणि त्याखालच्या नियमांनुसार, जास्त जोखमीचा दर ठरवून भरला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. भाडं एक लाख आणि बोट पंचवीस लाखांची असेल तर मधली तफावत कोणाची, हे आधी ठरवा. बोटीचा नेहमीचा विमा बऱ्याचदा पाण्यावरच्या धोक्यांचा असतो, म्हणून प्रवासापुरता ट्रान्झिट विमा वेगळा घ्यावा आणि त्यात चढवणं-उतरवणं धरलंय का ते पाहावं. क्रेनच्या हुकाला लटकलेली बोट हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत धोक्याचा क्षण.

निघण्याआधी ट्रकवर चढलेल्या बोटीचे चारी बाजूंनी आणि बुडाखालून फोटो काढा, ड्रायव्हरसमोर. पोचल्यावर तेच फोटो हातात धरून, पट्टे सोडायच्या आधी, बोट पुन्हा पाहा. तडा, पोचा, सरकलेला टेकू, जे दिसेल ते पोच देताना बिल्टीवर लिहा, मगच सही करा. नुकसानीसाठी दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस लागते, तीही बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत. ड्रायव्हरला परतीचा माल गाठायचा असतो, क्रेनवाला तासाचे पैसे मोजत असतो आणि काठावर हौशी मंडळी जमलेली असतात. तरी पाहणीची ती पंधरा मिनिटं कोणाला देऊ नका. आणि बोट पाण्यात उतरण्याआधी बूच स्वतःच्या हाताने लावा.