उसाने भरलेल्या ट्रॉल्या दूर अंतरावर नेताना

कार्तिकी एकादशीच्या सुमारास पंढरपूरच्या वाटेवर पायी येणाऱ्या वारकऱ्यांची वर्दळ वाढते आणि साधारण त्याच दिवसांत माळशिरस तालुक्यातील साखर कारखान्यांचे गाळपही सुरू होते. माळशिरसहून पंढरपुरास जाणारा पालखीमार्ग आणि सांगोल्याहून अकलूजकडे जाणारा रस्ता वेळापूर येथे एकमेकांस छेदतात. त्यामुळे भजन करीत चालणारी माणसे व उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर यांची गाठ या गावी नेहमी पडते. अकलूज व माळीनगर येथील कारखाने जवळ असले तरी ऊस तेवढ्यावर थांबत नाही. कधी चाळीस-पन्नास किलोमीटर अंतरावरील कारखान्यासही तो पाठवावा लागतो. अशा लांबच्या वाहतुकीत घ्यावयाच्या काळजीचा विचार येथे केला आहे.

ट्रॅक्टर विकत घेताना शेतकरी बंधू त्याचे अश्वबळ विचारतात आणि ‘वीस टन सहज ओढतो’ असे समाधानाने सांगतात. ते खरेही आहे. सपाट डांबरी रस्त्यावर भरल्या गाडीस चालते ठेवण्यास तिच्या वजनाच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शाएवढी ओढ पुरते. परंतु जे ओढता येते ते थांबविताही येते, असे मुळीच नाही. बैलास भार सोसेनासा झाला म्हणजे तो उभा राहतो. यंत्र मात्र तक्रार न करता ओढत राहते आणि चूक उतारावर कळून येते.

हा हिशेब कोणासही मांडून पाहता येईल. ट्रॅक्टर अडीच टनांचा धरू. दोन ट्रॉल्यांत मिळून सोळा टन ऊस व ट्रॉल्यांचे स्वतःचे वजन साडेतीन टन धरल्यास एकूण भार बावीस टन होतो. ट्रॉल्यांना ब्रेक नसतील तर हा सर्व भार ट्रॅक्टरच्या मागील दोन चाकांनीच आवरावयाचा असतो आणि त्यांची रस्त्यावरील पकड जेमतेम एक टन जोराची असते. नुसता ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटर वेगात असेल तर ब्रेक दाबल्यावर चारएक मीटरांत थांबतो. भरल्या ट्रॉल्यांसह त्यास सुमारे २४ मीटर लागतात. वेग ३० केला तर ५४ मीटर. कारण वेग दीडपट झाला की थांबण्याचे अंतर सव्वादोन पट होते. वीस मीटरांस एक मीटर असा उतार असेल तर २० च्या वेगातही गाडी शंभर मीटरांपर्यंत जाते. पुढे चालणाऱ्या दिंडीतील शेवटच्या माणसास एवढे अंतर मिळेलच, असे कोणी सांगावे? हे सर्व आकडे कोरड्या रस्त्याचे आहेत. मळीचा चिखल किंवा सांडलेले पाचट असल्यास पकड आणखी कमी होते.

यास्तव पहिली गोष्ट ही की, नवी ट्रॉली घेताना ती ब्रेकसहित घ्यावी आणि असलेले ब्रेक जोडलेले व चालू ठेवावेत. कित्येक ठिकाणी ते सोडून ठेवलेले आढळतात. ट्रॅक्टरच्या डाव्या व उजव्या ब्रेकची पायटी शेतात वळण घेण्यासाठी वेगळी केलेली असतात. रस्त्यावर येण्यापूर्वी ती पट्टीने एकत्र जोडलीच पाहिजेत. एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर एका अंगास फिरतो आणि मागील ट्रॉल्या त्यास ढकलून आडवा करतात.

उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. जो चढ ज्या गिअरमध्ये चढावा लागेल, तो उतारही त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुना ठोकताळा चांगला आहे. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडणे अत्यंत घातक होय. क्लच दाबून ठेवण्याचाही परिणाम तोच. इंजिनाचा आवर नाहीसा होतो आणि वाढलेल्या वेगात पुन्हा गिअर पडत नाही.

भरणीचा विचार बैलगाडी जुंपणाऱ्यास नवा नाही. मागे जड झालेली गाडी उलाळते हे त्यास ठाऊक असते. दोनचाकी ट्रॉलीही तशीच उलाळते व ट्रॅक्टरची मागील चाके वर उचलू पाहते. म्हणजे ज्या चाकांवर ब्रेकचा भरवसा, त्यांचीच पकड जाते. भार फार पुढे घेतला तर पुढील चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. म्हणून भार आसाच्या किंचित पुढे यावा. ट्रॉली खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. वरच्या जोडणीस बांधल्यास चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाऊन तो मागे उलटतो. जोडणीची पिन योग्य मापाची असावी, तिला क्लिप लावावी व शिवाय साखळी बांधावी. पिनेच्या जागी गजाचा तुकडा ठोकून चाळीस किलोमीटर जाणारे लोक आहेत, हे खेदाने नमूद करावे लागते.

वाहतुकीचा मोबदला टनावर मिळतो आणि तोडलेला ऊस वाळून वजन व साखर दोन्ही घटतात, म्हणून एकाच खेपेत अधिक भरून घाईने जाण्याचा मोह होतो. हा मोह समजण्यासारखा आहे. परंतु मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारास २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड आहे. एका खेपेत वाचविलेले भाडे त्यात सहज बुडते.

रात्रीच्या वाहतुकीत मागून येणाऱ्यास ट्रॉली दिसणे महत्त्वाचे. बाहेर आलेल्या वाढ्यांनी लाल दिवा व रिफ्लेक्टर झाकले जातात. ते भरणी झाल्यावर, ट्रॉलीच्या मागे वीस पावले जाऊन पाहावे. मोठ्या आवाजात गाणी लावल्यास मागील वाहनाचा भोंगा ऐकू येत नाही, हेही चालकास सांगावे. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील ट्रॅक्टर एकत्र बोलावून ब्रेकची पट्टी, पिन, साखळी व टायरांतील हवा एका सकाळीच तपासून घ्यावी. ट्रॉली वाटेत बंद पडल्यास ती शक्य तितकी डांबरी रस्त्याच्या खाली घ्यावी, चाकांना दगड लावावेत, मागे पुरेशा अंतरावर इशारा ठेवावा आणि निघताना ते दगड उचलून रस्त्याबाहेर टाकावेत.