ज्योत ओळखणारी पेटी

मराठवाड्यात थंडीची पहाट बंबाच्या धुराने उजाडायची. सोनपेठच्या शिवारात कापूस आणि तूर, त्यामुळे पऱ्हाट्या-तुराट्यांची कमी नसे. बंबाच्या मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी आणि वर मोकळे आभाळ. आता तालुक्याच्या गावांतही बंबाची जागा भिंतीवरच्या छोट्या पेटीने घेतली आहे. नळ सोडा, आत ‘टकटक’ असा आवाज येतो, भप्पकन ज्योत पेटते आणि क्षणात वाफाळते पाणी. हा गॅस गिझर. हे घडते कसे, ते पाहिले की थक्क व्हायला होते.

गिझरला नळ सुटल्याचे पाणीच कळवते. आत रबराचा एक पातळ पडदा असतो. पाणी वाहू लागले की पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, पडदा सरकतो आणि त्याला जोडलेली दांडी गॅसची वाट उघडते. त्याच क्षणी एक बारीक स्विच दाबला जाऊन बॅटरीच्या विजेने ठिणगी पडते. नळ बंद केला की पडदा मागे येतो आणि गॅस तुटतो. छतावरची पाण्याची टाकी पुरेशा उंचीवर नसेल तर पडदा हलत नाही, गिझर पेटत नाही. त्यात बिघाड नसतो. पाणी वाहत नसताना ज्योतीवरची तांब्याची नळी तापू नये, म्हणून केलेली ती सोय असते.

पण ठिणगी पडली आणि ज्योत लागलीच नाही तर? गॅस नुसताच सुटत राहील. इथे मला सगळ्यात मोठे आश्चर्य वाटते. ज्योतीतून वीज वाहते! जळताना ज्योतीत विद्युतभारित कण तयार होतात. बर्नरजवळची धातूची काडी त्यांतून जाणारा अतिशय सूक्ष्म प्रवाह सतत तपासत असते. प्रवाह थांबला म्हणजे ज्योत विझली. मग गॅसची झडप लगेच बंद होते.

लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन यांनी १८६८ मध्ये गॅसवर पाणी तापवणारे यंत्र बनवले. पुढे जर्मनीत ह्युगो युंकर्स यांनी गॅसमधली उष्णता मोजायचे उपकरण केले आणि त्या अभ्यासातून १८९०च्या दशकात न्हाणीघरासाठी उत्तम गॅस हीटर तयार झाला.

एवढ्या हुशार पेटीला एक गोष्ट मात्र कळत नाही: शेजारच्या माणसाला श्वासाला हवा पुरते आहे की नाही.

हिशेब करून पाहा. गिझर मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवतो, म्हणजे मिनिटाला १५० किलोकॅलरी. दहा मिनिटांत थोडी उष्णता वाया धरून सुमारे १६० ग्रॅम गॅस जळतो. एक किलो गॅस जाळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीला जवळपास दोन घनमीटर हवेतला ऑक्सिजन संपतो. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंचीच्या न्हाणीघरात एकूण हवा असते जेमतेम साडेपाच घनमीटर. थंडी म्हणून आपण दार-खिडकी घट्ट लावतो आणि त्याच हवेत दोघे श्वास घेतात: आपण आणि गिझर.

ऑक्सिजन कमी पडला की कार्बनच्या अणूला दोनऐवजी एकच ऑक्सिजनचा अणू मिळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. टाकीतला गॅस गळला तर आपल्याला कळावे म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळतात; पण ज्योतीत तेही जळून जाते. म्हणून गळणारा गॅस ओरडून सांगतो, जळलेल्या गॅसचे विष मात्र गप्प असते. डोके दुखते, चक्कर येते, पायांतले बळ जाते. दार उघडायचे सुचते तेव्हा हात उचलत नाही.

बंब अंगणात असायचा, त्यामुळे त्याचा धूर बाहेरच राही. गिझरलाही तोच नियम लावा. तो न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर पत्र्याच्या आडोशाला बसवा. आत फक्त गरम पाण्याची नळी येऊ द्या. गॅसची टाकी उभी आणि मोकळ्या जागी ठेवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खोलगट जागेत साचतो. आयएसआय चिन्ह आणि आयएस १५५५८ हा क्रमांक पाहूनच गिझर घ्या. जोडणी जाणकाराकडून करून घ्या आणि प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर बर्नर किंवा तांब्याच्या नळीवरच्या पट्ट्या काजळीने तुंबल्या असतील. वापर थांबवून साफसफाई करून घ्या. बोअरच्या जड पाण्याचे क्षारही नळीत साचतात, म्हणून हिवाळ्याआधी दरवर्षी तपासणी हवीच.

गॅसचा वास आला तर विजेचे कुठलेही बटण दाबू नका. टाकी बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ वर फोन करा. अंघोळीला गेलेल्या माणसाची हाकेला ओ येईनाशी झाली तर आधी दार उघडा, गिझर बंद करा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ला बोलवा. डॉक्टरांना गॅस गिझर चालू होता हे आवर्जून सांगा. साध्या हवेत रक्तातले हे विष निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला तर तासा-दीड तासात तेवढे होते.

तुमचा गिझर न्हाणीघराच्या आत असेल तर उद्याची अंघोळ चुलीवरच्या पाण्याने करा आणि मिस्त्रीला आजच बोलवा. भाड्याचे घर असेल तर घरमालकाकडे धरणे धरा, पण गिझर बाहेर काढून घ्याच.